बोळवणीची साडी

अंदमानचा विषय आमच्या नात्यागोत्यात निघाला की पाण्याच्या रंगापासून सुरुवात होते आणि शेवट माझ्यावर येतो. मी सगळ्यांच्या सहलीचा सत्यानाश केला, असं म्हणतात. मला मात्र तो प्रवास आठवला की अजून तोंडाला कडू पाणी सुटतं, आणि त्याचं कारण बोटीवरच्या उलट्या नव्हे.

आम्ही एकवीस जण होतो, सगळे वाशीम जिल्ह्यातले. माझी मोठी बहीण, तिला आम्ही घरात बाई म्हणतो, आणि भाऊजी मालेगावचे. भाऊजींचं तिथे खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि घरी एक लहान नात आहे. त्यांचे एक दोस्त केनवडचे, आम्ही त्यांना केनवडवालेच म्हणतो, त्यांचंही तसंच दुकान. मी, माझी बायको आणि बाकीचे ओळखीपाळखीतले. अकोल्याहून रेल्वेने चेन्नई आणि तिथून विमान. मी बाजारात सोयाबीनची प्रत ठरवण्याचं काम करतो. ओलावा किती, माती किती, डागी दाणा किती, ते मशीन आणि डोळा दोन्ही लावून सांगायचं. या कामाने एक सवय लागली आहे. समोर आलेलं मोजल्याशिवाय आणि लिहिलेलं पुरतं वाचल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

पहिल्याच दिवशी पोर्ट ब्लेअरमधलं एक संग्रहालय होतं. या बेटांवर हजारो वर्षांपासून राहणाऱ्या लोकांच्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. आमची माणसं एका दारातून शिरली आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडून नारळपाणी पीत बसली. मी आत राहिलो. वेताच्या टोपल्या होत्या, इतक्या घट्ट विणलेल्या की आमच्याकडच्या बुरडाने हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या असत्या. एका लाकडातून कोरलेली बादली होती. सालीचं छातीवर बांधायचं जाड कवच होतं. मध काढताना एका झाडाचा पाला चघळून त्याचा रस अंगाला फासतात, पोळ्यावर फुंकतात आणि माश्या बाजूला होतात, असं लिहिलं होतं. त्सुनामीत किनाऱ्यावरचे बाहेरचे लोक वाहून गेले, तेव्हा जंगलातले हे लोक समुद्राचं लक्षण ओळखून आधीच उंचावर गेले होते, हेही तिथल्या माणसाने सांगितलं. मग त्याने एका जमातीबद्दल सांगितलं. एके काळी ती हजारोंनी होती. गोऱ्यांची वसाहत झाली आणि तिच्याबरोबर गोवर, ताप, खोकला असले बाहेरचे रोग आले. आज त्या जमातीतली माणसं एका मोठ्या बसमध्ये मावतील.

मी बाहेर येऊन हे सांगितलं, तर केनवडवाले म्हणाले, "मंग उद्या पाहूनच घेऊ बाप्पा. संपून गेल्यावर काय पाहान?"

सगळे हसले. भाऊजीही हसले.

दुसऱ्या दिवशी जाणार होतो बाराटांगला. तिकडचा रस्ता जारवा या मूळ जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा काफिला करून, ठरलेल्या वेळी, पुढे-मागे पोलीस ठेवून सोडतात. चुनखडीच्या गुहा पाहायला जायचं, असं सहलीच्या कागदावर होतं. पण आमच्यातला एकही जण गुहेबद्दल बोलत नव्हता. सहल ठरवून देणाऱ्या एजंटने मालेगावात सगळ्यांना डोळा मारून सांगितलं होतं की नशीब चांगलं असेल तर रस्त्यात 'दर्शन' होईल. त्याने तोच शब्द वापरला होता. जेवताना चर्चा चालली होती ती बिस्किटं न्यायची की केळी, याची. कोणी म्हणे ते नाचून दाखवतात. त्यांच्यात कपडे घालत नाहीत, हे सांगताना एकेकाच्या चेहऱ्यावर जे येत होतं ते मी बाजारात, पोत्याच्या तळाशी माती भरून आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. मी ताट तसंच ठेवून उठलो.

त्याच संध्याकाळी बाईच्या खोलीत गेलो, तर तिच्या पिशवीतून एक लाल साडी वर आलेली दिसली. साधी, वापरलेली, कडेला हळदीचे डाग. तिच्या घडीत नारळ आणि तांदळाची पुरचुंडी.

"हे कायले आनलं?" मी विचारलं.

"उद्या त्या जंगलातल्या बायाइले देतो. उघड्या राह्यतात म्हनते बिचाऱ्या."

"बाई, तिथं काहीच द्यायचं नसते. बिस्कीटही नाही. गुन्हा हाय तो."

"ओटी भरनं कधीपासून गुन्हा झाला रे? तुये भाऊजी म्हनत होते कोनी काही करत नाही."

"भाऊजी म्हनत होते म्हनून कायदा बदलते काय?"

"तू लहानपनापासून असाच हाय. देवाच्या प्रसादातलेही दाने मोजशीन." ती हसली आणि साडी पिशवीत खाली दाबली. "नाही देत बावा. झालं तुयं समाधान?"

माझं समाधान झालं होतं. ती दानधर्माची हौस असेल असं मी धरून चाललो. माझी बहीण दारात आलेल्या माणसाला रिकामं पाठवत नाही, ते खरंही आहे.

पहाटेच्या अंधारात निघालो. तपासणी नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. मी मोजत गेलो आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. प्रत्येक गाडीत आमच्यासारखीच माणसं, गळ्यात कॅमेरे, मांडीवर वेफर्सची पाकिटं. नाक्यावर मोठा फलक होता. गाडी थांबवू नये, पुढे काढू नये, फोटो काढू नयेत, खाण्याची वा कोणतीही वस्तू देऊ नये. मी तो फलक आमच्या गाडीत मोठ्याने वाचून दाखवला. शाळेतल्या मास्तराला टाळ्या वाजवतात तशा दोघा-तिघांनी वाजवल्या. ड्रायव्हर चाळिशीचा, तिथेच जन्मलेला, हिंदी बोलणारा. तो म्हणाला, "भाईसाहब ने सही पढ़ा है. शीशा बंद रखिए. मेरा परमिट जाएगा तो मैं कहीं का नहीं रहूँगा."

जंगल सुरू झालं. एवढी उंच, एवढी दाट झाडं मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमच्याकडे माळावर उभं राहिलं की पुढचं गाव दिसतं. इथे रस्त्याच्या कडेपासून दोन हातांवरचं दिसत नव्हतं. गाडीत मात्र कोणी झाडं पाहत नव्हतं. "दिसले काय?" "तुमच्या बाजूले पाहा." "थो काय, खांब हाय काय?" असं चाललेलं. केनवडवाले मोबाईल मांडीखाली लपवून तयार बसले होते. रस्त्याच्या कडेला गवतात प्लास्टिकची पाकिटं पडलेली होती, आमच्या आधी गेलेल्यांची. बिस्किटांची, गुटख्याचीही. इथल्या माणसांना गुटख्याची पुडी फेकणारा माणूस कोणत्या आईच्या पोटी आला असेल, असं मनात आलं.

एका वळणाच्या अलीकडे बाईने तोंडाला पदर लावला. "मले उलटी होऊन राह्यली."

भाऊजींनी लगेच काच सरकवली. ड्रायव्हर ओरडला, "शीशा मत खोलिए," तर भाऊजी म्हणाले, "अरे भाई, औरत को उलटी हो रही है, गाड़ी में करे क्या?" ड्रायव्हरला वेग कमी करावा लागला. मी उलटीची पिशवी घेऊन मागे वळलो.

वळण संपताना दोन बायका कडेला उभ्या होत्या. एकीच्या काखेत मूल होतं. त्यांचं वर्णन मी करणार नाही. आमच्या गाडीत ते पुरेसं झालं. सगळी गाडी डावीकडे कलली, इतकी की चाकावर ते जाणवलं. कोणी शीळ घातली. काखेत मूल नसलेली आमच्याकडे सरळ पाहत होती. ना हसू, ना राग, ना मागणं. आपल्या वावरातून कोणी परकं चालत जाताना आपण ज्या नजरेने पाहतो, तेवढंच त्यात होतं.

बाईला उलटी झालीच नाही. तिने खिडकीतून गाठोडं टाकलं. नारळ घरंगळत गटारीत गेला. साडी उलगडत पडली, लाल, रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत. सरळ पाहणारीने दोन पावलं पुढे येऊन ती उचलली. मी मागच्या काचेतून पाहिलं, मुलवालीने तिचं एक टोक हातात धरलं होतं. मग वळण आडवं आलं.

गाडीत हशा पिकला. "घेतली पाहा, घेतली," केनवडवाले म्हणाले. त्यांनी सगळं मोबाईलमध्ये टिपलं होतं. मी बाईवर चिडून बोलणार होतो, पण ती हात जोडून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी तिच्या शेजारीच उभा होतो म्हणून मला ऐकू आलं.

"आता तिकडंच राह्य माय. मांगं नोको येऊ. लेकरांच्या घराकडं पाहू नोको."

 हे शब्द मला पाठ आहेत. आमच्या घराण्यात लेकराला गोवर निघाला तर माता आली म्हणतात. अंगावरचं ओसरलं की तिची बोळवण करायची. आजारात लेकराच्या अंगाखाली जी साडी असेल ती नारळ-तांदळासह शिवेबाहेर एखाद्या बाईच्या पदरात टाकायची, वरचे शब्द म्हणायचे आणि मागे न बघता यायचं. दुखणं साडीबरोबर जातं. आमच्या आईच्या काळी ती साडी गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या बायांना दिली जायची. त्या घेत, कारण त्यांच्या अंगावर धड वस्त्र नसे. नंतर पालावर कोण आजारी पडलं, हे आमच्या गल्लीत एकानेही विचारल्याचं मी ऐकलं नाही.

"बाई," मी म्हणालो, "नातीले गोवर निघाला होता?"

तिने मान हलवली.

"कधी?"

"आपन निघाच्या आधी. चांगली झाली आता ते. मी रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसत होती तिले, त्याच साडीत."

"मग इथं कायले आनली?"

"अरे, पालावरच्या बाया आता घेत नाहीत. शायन्या झाल्या थ्या. साडी पाहून इचारतात, कोनाची हाय म्हनून." आणि मग ती अगदी सहज म्हणाली, "इथं कोन इचारते? आन समुद्राच्या पलीकडून मांगं येनार बी नाही."

भाऊजींना सगळं माहीत होतं. उलटीची युक्ती त्यांचीच. माझी बहीण अडाणी नाही, दहावी झालेली आहे. भाऊजींच्या दुकानात पिकावर फवारायच्या विषारी औषधांवर लाल त्रिकोण असतो आणि तो शेतकऱ्याला समजावून सांगायचं प्रमाणपत्र त्यांच्या भिंतीवर लावलेलं आहे. पालावरच्या बायांना जे कळलं होतं ते या दोघांनाही कळत होतं. म्हणूनच तर विचारणार नाही अशी बाई त्यांनी इतक्या लांब येऊन शोधली.

जंगल संपलं तिथे खाडी आहे. गाड्या बोटीवर चढतात. तिथे पोलिसांची चौकी होती. सगळे उतरून फोटो काढू लागले. मी चौकीकडे निघालो तर ड्रायव्हर आडवा आला. त्याने सगळं पाहिलं होतं.

"साहब, मत बोलिए. आप लोग कल उड़ जाएँगे. मैं इधर ही रहूँगा."

त्याचं खरं होतं. मी थांबलो. मागून भाऊजी आले.

"काय मनात हाय तुमच्या? सख्ख्या बहिनीले जेलात टाकता काय? एक जुनं लुगडं थे. हवेनं उडून गेलं म्हना."

"त्याच्यात गोवर हाय भाऊजी."

"अन् त्याईले काय फरक पडते? जंगलातले लोक हायेत, काटक राह्यतात."

आदल्या दिवशी संग्रहालयाबाहेर मी हेच सांगितलं तेव्हा ते हसले होते.  माझी बायको, जी अख्ख्या प्रवासात कोणाच्या मध्ये पडली नव्हती, ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, त्या दुसरीच्या काखेत लेकरू होतं. तुमी जा, सांगून या. ड्रायव्हरचंही सांगा, त्याची चूक नव्हती म्हनून."

मी चौकीत गेलो आणि सगळं सांगितलं. साडी कुठे पडली, कोणत्या वळणावर, कोणी उचलली, तिच्यात कोण झोपलं होतं. आधी अधिकाऱ्याला वाटलं, मी कोणी फोटो काढल्याची तक्रार करतोय, तो कंटाळून ऐकत होता. गोवर हा शब्द आला तसा तो उठून उभा राहिला. त्याने वायरलेसवरून कोणाला तरी कळवलं. जारवा लोकांमध्ये ज्यांची ऊठबस आहे, ज्यांना त्यांची भाषा येते, अशी सरकारी माणसं असतात, त्यांना त्या वळणावर पाठवायला सांगितलं. मग मी ड्रायव्हरने काच उघडू नका म्हणून कसं बजावलं, वेग का कमी करावा लागला, हे लिहून दिलं. केनवडवाल्यांचा मोबाईल त्यांनी काढून घेतला. केनवडवाले माझ्याकडे बघून म्हणाले, "वा भाऊ. हे चांगलं रिश्तं निभवलं."

गुहा मी पाहिल्या नाहीत. बाकीचे जाऊन आले. बाई आणि भाऊजींना चौकीत बसवून ठेवलं होतं. बाई रडत होती. "मी कोनाचं वाईट चिंतलं नाही रे. मी तं ओटी भरली तिची."

"बाई, मंग 'मांगं नोको येऊ' थे कोनाले म्हनत होती?"

तिने पदराने डोळे पुसले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भाऊजी मात्र चौकीतल्या माणसाला आपल्या ओळखीच्या पुढाऱ्यांची माहिती देत होते, वाशीमचे कोण, मुंबईचे कोण. त्या माणसाने वाशीम हे नाव बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं.

दुपारच्या काफिल्याबरोबर बाई-भाऊजींना घेऊन परत निघालो. या वेळी गाडीत सगळ्या काचा बंद होत्या आणि कोणी बाहेर बघत नव्हतं. सकाळच्याच नाक्यावर आमची गाडी बाजूला घेतली. थोड्या वेळाने एक जीप आली. गमबूट घातलेला एक माणूस उतरला. त्याच्या हातात प्लास्टिकचं पोतं होतं आणि पोत्यात ती साडी. त्याने सांगितलं की साडी उचलणारी जारवा बाई ती सहज देत नव्हती. तिला लाल रंग आवडतो. त्यांनी तिला समजावलं, तिच्या माणसांना समजावलं, तेव्हा दिली. पण तोपर्यंत तिने टोकाची एक पट्टी फाडून घेतली होती आणि ती मुलवालीने नेली होती. ती पट्टी अजून सापडली नव्हती.

नाक्यावरच्या अधिकाऱ्याने टेबलावर जुना पेपर अंथरून साडी काठीने उलगडली. साडी साडेपाच मीटर असते, त्यातली हातभर लांबी कमी होती. बाईला पुढे बोलावून विचारलं, "यही है न? हाथ लगाकर देख लो."

बाई दोन पावलं मागे सरकली. पदर नाकाला लावला. "मी हात नाही लावत साहेब. बोळवन केलेली परत घेत नसतात. घरात लेकरं हायेत माह्या."

ते तिने मराठीत सांगितलं. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, ही काय म्हणते म्हणून. मी त्याला हिंदीत सांगितलं, शब्दाला शब्द.  गमबुटाच्या माणसाने साडी पोत्यात भरली आणि नाक्यामागे नेऊन जाळली. जळत्या कापडाचा वास आमच्या गाडीपर्यंत आला तेव्हा बाई हात जोडून उभी होती.

केस झाली. भाऊजी आणि केनवडवाले तिच्या तारखांबद्दल अजून मला ऐकवतात. ड्रायव्हरचं परमिट काही दिवस अडकवून ठेवलं, मग परत दिलं, असं मला फोनवर कळलं. त्याने स्वतः कधी फोन उचलला नाही.

घरी आल्यावर मी वाशीमच्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोवर कापडावर फार वेळ टिकत नाही, इतक्या दिवसांनी त्या साडीतून लागण होणं जवळपास अशक्यच. मी त्यांना विचारलं, जवळपास म्हणजे किती. ते म्हणाले, असा आकडा कोणी देत नसतं. मी त्या चौकीला फोन करत राहिलो. दोनदा उत्तर मिळालं की कोणी आजारी असल्याचं कळलेलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, आता फोन करू नका, काही झालं तर आम्ही बघू.

मध्ये मालेगावला एक साखरपुडा होता. मला बोलावणं होतं पण पंगतीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. बाई वाढायला आली. तिची नात अंगणात बाकीच्या लेकरांबरोबर धावत होती. बाईने माझ्या ताटात वरण वाढलं आणि शेजारच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाहा, पोरगी कशी ठनठनीत हाय. इतक्या लांब नेऊन टाकली म्हनून. जवळ टाकली असती तं फिरून आली असती."

बायकांनी माना हलवल्या. एकीने विचारलं, समुद्र किती दिवसांचा आहे. दुसरीने विचारलं, विमानात ओटीचं सामान चालतं का.

त्या मुलवालीबद्दल कोणी विचारलं नाही. मी ताटातल्या वरणात हात धुतला आणि उठलो.